बर्फाची लादी, गाडीची बॅटरी आणि संध्याकाळची वीज



बंदी उठायला आली की खारीवाड्याच्या जेटीवर एकच चौकशी असते, बर्फ मिळतो का? जाळी शिवून झाली, इंजिनाचं काम झालं, डिझेल भरलं, खलाशी गावाहून परत आले, पण बर्फ नाही तर ट्रॉलर धक्क्यालाच बांधलेला. आणि बर्फ म्हणजे शेवटी काय? पाणी आणि वीज. पाण्याचं कसंतरी जमतं. वीज गेली की कॉम्प्रेसर बंद, डब्यातलं पाणी तसंच.

हे सगळं आज आठवायचं कारण वेगळं आहे. परवा संस्थेच्या ऑफिसात आपल्यातल्याच एकाने विचारलं, "मासळी मार्केटला न्यायला इलेक्ट्रिक टेम्पो घ्यायचा विचार आहे. पण मुलगा म्हणतो, त्या गाडीच्या बॅटरीतली वीज परत लाइनीत सोडून पैसे मिळवता येतात. खरं की थाप?"

थाप नाही, खरं आहे. पण आपल्याकडे अजून तशी सोय नाही. आणि ती येईपर्यंत आपल्याच हातात एक दुसरी बॅटरी पडून आहे, तिच्याकडे कोणी बघत नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. लांब झालंय, पण सवडीने वाचा.

आधी वीज कशी चालते ते बघू. ट्रॉलर चालवणाऱ्याला हे समजवायची खरं तर गरजच नाही. जाळं पाण्यात सोडलं, ओढायला लागलो की इंजिन दबतं. आरपीएम खाली येतो. तांडेल लगेच रेस देतो. जाळं वर घेतलं की भार एकदम हलका होतो, इंजिन पळायला लागतं, मग रेस कमी करायची. देशाची वीज अगदी अशीच. सगळ्या केंद्रांची जनित्रं मिळून एकाच चालीत फिरतात, त्या चालीला म्हणतात ५० हर्ट्झ. लोकांनी जास्त वीज ओढली की चाल मंदावते, कमी ओढली की वाढते. ४९.९० ते ५०.०५ एवढ्याच फरकात ती ठेवायची असते. म्हणजे बघा किती बारीक काम! आणि भार लहान-सहान नाही. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॅटला पोचली होती.

५ एप्रिल २०२० ची रात्र आठवते? लॉकडाउनमध्ये ९ वाजता ९ मिनिटं दिवे घालवायला सांगितले होते. आपण दारात पणत्या लावत होतो, तेव्हा ग्रिड सांभाळणाऱ्यांच्या अंगावर काटा आला होता. त्यांचा अंदाज होता की मागणी १२-१३ हजार मेगावॅटने उतरेल. ती उतरली ३१ हजारांनी. जाळं तुटून इंजिन मोकळं सुटावं तसं. जलविद्युत केंद्रांनी झटपट उत्पादन कमी केलं, दिवे लागल्यावर परत वाढवलं, आणि काही बिघडलं नाही. पाण्याचं दार पटकन उघडता-मिटता येतं म्हणून ते जमलं. कोळशाच्या केंद्राला ती चपळाई नाही. थंड पडलेला बॉयलर परत तापवून वीज द्यायला तास न् तास जातात.

आणि नाही जमलं तर काय होतं, ते ३० आणि ३१ जुलै २०१२ ला दिसलं. पहिल्या दिवशी उत्तर ग्रिड कोसळली, दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य, तिन्ही. साठ कोटींवर लोक अंधारात. आपली पश्चिम ग्रिड तेव्हा वेगळी झाली म्हणून वाचली.

आता गोव्याकडे या. आपण तारेच्या शेवटच्या टोकाला आहोत. आपल्या राज्यात मोठं वीज केंद्र नाही. कोरबा, विंध्याचल, रामगुंडम अशा दूरदूरच्या केंद्रांतला वाटा सह्याद्री ओलांडून येतो. एक बाजू कोल्हापूरकडून कोलवाळच्या उपकेंद्रात, दुसरी कर्नाटकातून फोंड्याला. आपल्या मुरगाव तालुक्यात सांकवाळला नाफ्त्यावर चालणारं ४८ मेगावॅटचं केंद्र होतं, जुन्या लोकांना माहीत आहे. १९९९ मध्ये सुरू झालं. नाफ्ता महाग म्हणून वीज महाग, त्यावरून वाद झाले, आणि २०१४ मध्ये कराराची मुदत संपली. राज्याची आजची मागणी ७०० मेगावॅटच्या घरात. म्हणजे ते असतं तरी पंधरावा हिस्साच.

टोकाला असण्याचा अर्थ १६ मे २०२१ ला कळला. तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेलं, झाडं तारांवर पडली, महाराष्ट्रातून येणाऱ्या २२० केव्हीच्या लाइनींनाही फटका बसला. कोणाच्या घरी एक दिवस वीज नव्हती, कोणाच्या तीन-चार. ज्यांच्या डीप फ्रीझरमध्ये विकायची मासळी होती, त्या बायकांनी ती कशी फेकली ते सांगायला नको. बंदी लागायला तेव्हा पंधरा दिवस राहिले होते, म्हणजे हंगामाची शेवटची कमाई होती ती.

दुसरी अडचण वादळाची नाही, रोजची आहे. देशात सौर ऊर्जा वाढत चालली. जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॅटचा टप्पा ओलांडला. दुपारी १२-१ वाजता वीज भरपूर, कधी कधी घ्यायला गिऱ्हाईक नाही. आणि संध्याकाळी ७ वाजता, घराघरात दिवे, पंखे, एसी, टीव्ही, हॉटेलांत गर्दी, तेव्हा सूर्य बुडालेला. भरती दुपारी, आणि होडी काढायची संध्याकाळी, अशी गत.

आपल्या खाजन शेतीत यावर फार जुना उपाय आहे. बांध, बांधाला मानस, आणि आत पोंय. पाणी आत किती घ्यायचं, बाहेर कधी सोडायचं, ते मानस ठरवते. नदीत पाणी चढो की उतरो, आतली पातळी आपल्याला हवी तशी राहते, आणि वर मासळीही मिळते. वीज साठवणारे लोक आज जे करतात ते याहून वेगळं नाही. विजेची पोंय बांधतात.

सगळ्यात मोठी पोंय पाण्याचीच असते. अकोले तालुक्यात घाटघरला २००८ पासून २५० मेगावॅटचं केंद्र चालतं. वीज जास्त असेल तेव्हा खालच्या धरणातलं पाणी पंपाने वर चढवायचं, कमी पडली की तेच खाली सोडून वीज काढायची. शंभर युनिट घातले तर ऐंशीच्या आतबाहेर परत मिळतात. पण त्याला डोंगर लागतो, दोन धरणं लागतात, वर्षं लागतात.

बॅटरीला डोंगर लागत नाही. दिल्लीत रोहिणीला २०१९ मध्ये १० मेगावॅटची बॅटरी बसली, तेव्हा ती नवलाची गोष्ट होती. दक्षिण ऑस्ट्रेलियात त्याआधी, २०१७ मध्ये, हॉर्न्सडेलला १०० मेगावॅटची बसवली होती. २०१६ मध्ये वादळात त्यांचं अख्खं राज्य अंधारात गेलं होतं, त्यातून शहाणे झाले. ती सुरू होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, तोच शेजारच्या राज्यात हजारेक किलोमीटरवर कोळशाच्या केंद्राचा ५६० मेगावॅटचा एक संच पडला. चाल मंदावताच बॅटरीने डोळ्याची पापणी लवायच्या आत वीज सोडली. फार नाही, सातेक मेगावॅट. पण बाकीचे जागे व्हायच्या आधी. रेस द्यायला तांडेलाचा हात लिव्हरवर पोचतो तेवढ्यात हिचं काम झालेलं.

किंमत? २०२२ मध्ये आपल्या देशातल्या पहिल्या मोठ्या लिलावात दोन तास चालणाऱ्या बॅटरीचं भाडं महिन्याला मेगावॅटमागे दहा लाखांच्या वर आलं होतं. २०२४ संपेपर्यंत राजस्थानच्या लिलावात ते अडीच लाखांच्या खाली उतरलं. त्यात सरकारी मदत धरलेली होती, हे खरं. पण उतार मोठाच आहे. दिल्लीतच किलोकरीला २०२५ मध्ये २० मेगावॅटची, दोन तास पुरणारी दुसरी बॅटरी लागली. मुरगावसारख्या भागात अशी एक बसली तर संध्याकाळचा चढ थोडा उतरेल आणि वादळात हॉस्पिटल, पाण्याचे पंप चालू ठेवता येतील. तारा नकोत असं मात्र मी म्हणत नाही. रिकाम्या पोंयीत भरायला पाणी बाहेरूनच यायचं आहे.

आता टेम्पोचा प्रश्न.

इलेक्ट्रिक गाडी म्हणजे चाकांवरची बॅटरी. स्कूटरमध्ये तीनेक युनिट, मोटारीत तीस-चाळीस युनिट वीज मावते. घरचा खर्च दिवसाला आठ-दहा युनिट धरा. म्हणजे मोटारीच्या पोटात तीन-चार दिवसांची घरची वीज आहे. आणि गाडी दिवसातले वीस-बावीस तास उभीच असते.

पण आधी उलट बाजू बघा. समजा गोव्यात दहा हजार इलेक्ट्रिक मोटारी झाल्या, आणि सगळ्यांनी संध्याकाळी ७ ला घरी येऊन प्लग लावला. प्रत्येकी ३ किलोवॅट धरले तर ३० मेगावॅटचा नवा भार, तोही नेमका नको त्या वेळी. त्याच गाड्या दुपारी किंवा मध्यरात्रीनंतर चार्ज झाल्या तर कोणालाच त्रास नाही. आणि त्याच गाड्यांनी संध्याकाळी दोन तास वीज परत दिली तर ३० मेगावॅटचा हातभार. गाड्या त्याच, फरक फक्त वेळेचा. म्हणूनच केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सार्वजनिक चार्जिंग स्टेशनसाठी सकाळी ९ ते दुपारी ४ वीज स्वस्त आणि बाकी वेळ महाग ठेवायला सांगितलं आहे.

परत द्यायचा प्रयोग डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला लागून असलेल्या फ्रेडरिक्सबर्गमध्ये २०१६ पासून झाला. तिथल्या पाणी-गॅस पुरवणाऱ्या संस्थेच्या दहा व्हॅन. दिवसा कामावर, संध्याकाळी प्लगला. रात्रभर ग्रिडची चाल सांभाळायची, आणि त्याचे पैसे संस्थेला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या बेव्हर्ली गावात तर २०२१ च्या उन्हाळ्यात शाळेची बस लावली. सुट्टीत बस रिकामीच, मग तिच्या बॅटरीतून गर्मीच्या संध्याकाळी वीज लाइनीत सोडली.

हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर आपली जेटी आली. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, होड्या ओळीने बांधलेल्या. आणि तेच दिवस तारा तुटायचे, वीज जायचे! होड्या बॅटरीवरच्या असत्या तर? पण थांबा, ट्रॉलरचं हे स्वप्न मी स्वतःच पुसून टाकतो. हजार लिटर डिझेलमधून इंजिन साडेतीन-चार हजार युनिटांचं काम काढतं. तेवढी बॅटरी घ्यायची तर वीस-पंचवीस टन वजन. मासळी कुठे ठेवायची? आठ-दहा दिवस बाहेर राहणाऱ्या ट्रॉलरला आज तरी डिझेलला पर्याय नाही, कोणी काही सांगू दे. सकाळी जाऊन दुपारी येणाऱ्या छोट्या होडीचं मात्र वेगळं. दहा हॉर्सपॉवरचं मशीन दोन तास पूर्ण जोरात चालवलं तर पंधरा युनिट. केरळात वायकमला 'आदित्य' नावाची ७५ माणसांची सौर फेरीबोट २०१७ पासून खाऱ्या-गोड्या पाण्यात रोज फेऱ्या मारते. पणजीतही २०२३ मध्ये सौर फेरीबोट पाण्यात उतरवली. म्हणजे अशक्य नाही, पण आपल्या होडीला खारा वारा, वाळू, लाटांचा मार सोसायचा आहे, हे बनवणाऱ्यांनी विसरू नये.

तर टेम्पोवाल्या भावाला माझं उत्तर असं. टेम्पो घ्यायचा तर डिझेलची बचत बघून घे, वीज विकायच्या आशेने नको. परत वीज द्यायला गाडी तशी हवी, चार्जर तसा हवा, मीटर तसा हवा आणि मुख्य म्हणजे दर ठरलेला हवा. बॅटरी जास्त वेळा भरली-उपसली की झिजते. ती झीज कोण भरून देणार हे कागदावर येत नाही, तोवर घाई नको. मात्र घेताना एक विचार, गाडीतून मिक्सर-फ्रीज चालवायची सोय आहे का? काही गाड्यांत आता साधारण तीन किलोवॅटपर्यंत ती येते. जपानमध्ये २०११ च्या भूकंपानंतर लोकांनी हीच सोय मागितली. तौक्तेसारखी वेळ आली तर घरचा डीप फ्रीझर दिवसाला दोन-तीन युनिटांवर निभतो. गाडी दाराशी असली तर आठवडाभर मासळी वाचेल.

आता आपल्या हातातली बॅटरी. ती म्हणजे बर्फ.

हसू नका, हिशेब करू. लादीचा बर्फ करायला आपल्या हवेत टनाला साधारण ५५ ते ७० युनिट लागतात. दिवसाला २० टनांचा कारखाना धरा, टनाला ६० युनिट. रोजचे १,२०० युनिट झाले, म्हणजे चोवीस तास सरासरी ५० किलोवॅटचा भार. हाच कारखाना संध्याकाळी ६ ते १० बंद ठेवला आणि तेवढं काम दुपारी उरकलं, तर २०० युनिट टंचाईच्या वेळेतून भरतीच्या वेळेत सरकले. तेवढाच हातभार संध्याकाळी मोटारींकडून हवा तर सोळा-सतरा गाड्या प्लगला लावाव्या लागतील. २०० युनिटांची बॅटरी विकत घ्यायची तर लाखो रुपये. लादी मात्र आपण तशीही बनवणारच. दुपारची स्वस्त वीज लादीत गोठवून ठेवली, पहाटे होडीत भरली, झालं. वीज परत काढायचीच नाही, थंडावाच वापरायचा आहे.

अडचणी आहेत, त्या लपवत नाही. दीडशे किलोची लादी गोठायला जवळजवळ दिवस जातो. मिठाच्या पाण्याची टाकी थंड राहते म्हणून चार तास कॉम्प्रेसर बंद ठेवल्याने गोठलेलं वितळत नाही, पण काम मागे पडतं. जो कारखाना आधीच चोवीस तास दमछाक होईपर्यंत चालतो, त्याला हे जमणार नाही. ज्याच्याकडे कॉम्प्रेसरची थोडी जादा ताकद आहे आणि लाद्या ठेवायला चांगली इन्सुलेशनची खोली आहे, त्यालाच जमेल. आपल्याकडे त्या खोल्यांकडे फार दुर्लक्ष झालंय. दार नीट बसत नाही, थर्मोकोल भिजून काळा पडलाय, निम्मा थंडावा गटारात. बॅटरीचं बोलण्याआधी ते दार बदलायला हवं, असं माझं स्पष्ट मत.

पैशाचं काय? केंद्राने २०२३ मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमात बदल केला. सौर तासांत, म्हणजे दिवसाचे आठ तास, वीज नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के स्वस्त. चढाच्या वेळी व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना किमान २० टक्के महाग. १० किलोवॅटच्या वरच्या अशा ग्राहकांसाठी मुदत १ एप्रिल २०२४, शेती सोडून बाकीच्यांसाठी १ एप्रिल २०२५, आणि त्यासाठी स्मार्ट मीटर हवा. महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरवाल्या घरांनाही दिवसा युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू झाली. समजा आपला दर ६ रुपये. दुपारी १ रुपया २० पैसे कमी, संध्याकाळी तेवढेच जास्त, फरक २ रुपये ४० पैशांचा. २०० युनिटांवर रोजचे ४८० रुपये. बंदीचे आणि सुट्टीचे दिवस सोडून वर्षाचे २७० दिवस धरले तर १ लाख २९ हजार ६००. एका कारखान्याचे. त्यातून नवं दार येतं.

पण उलटंही होऊ शकतं. वेळ न बदलता नुसता मीटर बदलला तर संध्याकाळचं बिल फुगेल, आणि बर्फाचा दर वाढून तो बोजा शेवटी होडीवर येईल. म्हणून ज्यांना हा विषय "मोठ्या कंपन्यांचा" वाटतो त्यांनी जरा इकडे लक्ष द्यावं.

आणखी एक गोष्ट, ती बोललीच पाहिजे. मोठ्या बॅटऱ्या उद्या आपल्या तालुक्यात बसवायच्या म्हटल्या तर जागा कोणती, हे आपण विचारायचं. कॅलिफोर्नियात मॉस लँडिंग म्हणून मच्छीमारांचं बंदर आहे. तिथल्या जुन्या वीज केंद्राच्या इमारतीत ३०० मेगावॅटची बॅटरी होती. १६ जानेवारी २०२५ ला ती पेटली. हजारावर लोकांना घर सोडावं लागलं, आणि नंतर शेजारच्या खाडीच्या दलदलीतल्या मातीत निकेल, कोबाल्ट, मँगनीज वाढलेलं संशोधकांना सापडलं. खाडीत म्हणजे आपल्या भाषेत तिसऱ्या-सुंगटांच्या घरात. ती बॅटरी जुन्या प्रकारची आणि एकाच छपराखाली कोंबलेली होती. आता बहुतेक ठिकाणी लोह-फॉस्फेटची, उघड्यावर सुटी सुटी कपाटं ठेवतात, ती बरीच सुरक्षित. तरी अमोनिया, पेट्रोल आणि कोळशाच्या शेजारी राहणाऱ्या वास्कोवाल्यांनी विचारायला लाजू नये. कुठल्या प्रकारची, पाण्यापासून किती लांब, आग लागली तर विझवायचं पाणी वाहून कुठे जाणार? तिन्हींची उत्तरं लेखी.

गोव्याचे वीज दर संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो, आणि ठरवण्याआधी जनसुनावणी घेतो. तिथे हॉटेलवाले जातात, कारखानदार जातात. मच्छीमार आणि बर्फवाले फारसे दिसत नाहीत. पुढच्या सुनावणीला संस्थेकडून एक पानाचा अर्ज द्यायचं ठरवतोय. बर्फ कारखाने आणि मासळीची शीतगृहं यांना दुपारच्या सवलतीचा पूर्ण फायदा मिळावा, आणि संध्याकाळी स्वतःहून बंद राहणाऱ्याला त्याचा मोबदला मिळावा, एवढ्या दोन मागण्या.

त्यासाठी आकडे लागतील, नुसत्या तोंडी गप्पा तिथे चालत नाहीत. ज्यांचे बर्फाचे कारखाने आहेत त्यांनी मागच्या बारा महिन्यांची वीज बिलं, आणि कॉम्प्रेसर किती वाजता चालू-बंद होतो त्याची आठवड्याची नोंद घेऊन ऑफिसात यावं. साध्या वहीत लिहिलेली चालेल. ज्यांच्याकडे घरी दोन किंवा जास्त डीप फ्रीझर आहेत, त्या मासळी विकणाऱ्या बहिणींनीही आपलं बिल आणावं. आणि टेम्पोवाल्या भावा, तू शोरूममध्ये जाशील तेव्हा चार्जरचा कागद मागून घे, तो आम्हाला पण बघायचा आहे.